पाच टॅब, सत्तावीस मुलं: तंत्रज्ञानातून कौशल्यं येतात ती कधी?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गेल्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून शाळेला एक ४३ इंची टीव्ही आणि पाच टॅब दिले. सहावी-सातवीचा मिळून पट २७. टीव्हीवर व्हिडिओ लावले की मुलं खूश असतात, पण वहीत काही उतरत नाही. केंद्रप्रमुख विचारतात, तंत्रज्ञानाच्या वापरातून कोणती कौशल्यं वाढली ते दाखवा. पालक म्हणतात, घरी मोबाइलचं वेड काय कमी होतं म्हणून आता शाळेतही सुरू केलं. आणि तुम्ही विचारताय, सुरुवात नेमकी कुठून करू?

माझी जिल्हा परिषदेतली नोकरी चोवीस वर्षांची, त्यातली बरीचशी माण तालुक्यात. तुम्ही आज जिथे आहात तिथे मी चांगली दीड-दोन वर्षं अडकून बसले होते, तेव्हा ते आधी सांगते.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि शाळा डिजिटल करायची लाट आली. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला लोक गाड्या करून जायचे. आमच्याही गावाने लोकवर्गणी काढली. यात्रेच्या वर्गणीतून उरलेले पैसे, एका माजी सैनिकाने दिलेला पगार, असं करत प्रोजेक्टर आला. भिंतीला पांढरा रंग दिला, खिडक्यांना काळे पडदे लावले. मी रोज काहीतरी दाखवायची. प्रकाशसंश्लेषणाचं एक फार सुंदर ॲनिमेशन होतं: पानाच्या आत शिरायचं, हिरवे कण फिरताना दिसायचे. मुलांनी ते चार वेळा बघितलं. पाचव्या दिवशी विचारलं, पान काय करतं? सगळ्यांनी एका सुरात व्याख्या म्हटली, अगदी ॲनिमेशनमधल्या निवेदिकेच्या चालीत. मग सहज विचारलं, 'बरं, मग रात्री झाड जेवतं का?' वर्ग गप्प. एक पोरगा म्हणाला, 'बाई, ते दाखवलंच नव्हतं.'

ते 'दाखवलंच नव्हतं' माझ्या डोक्यात बसलं. फळ्यावर घोकंपट्टी करून घेत होते, तीच आता भिंतीवर रंगीत करून घेत होते. विजेचं बिल तेवढं वाढलं.

आपल्या भाषेत याचा फरक फार सोपा आहे. माहिती 'असते', कौशल्य 'येतं'. पोहण्याची माहिती आहे म्हणजे पोहता येतं असं नाही. म्हणून कुठलंही ॲप, व्हिडिओ, यंत्र वर्गात आणायच्या आधी मी वहीत एकच ओळ लिहिते: या तासानंतर मुलाला काय 'येईल', जे काल येत नव्हतं? आणि वर्ग चालू असताना दारातून डोकावल्यासारखं बघते, काम कोण करतंय? टीव्ही करतोय, मी करतेय, की मूल करतंय? पहिल्या दोघांपैकी कोणी करत असेल तर तो तास करमणुकीचा. करमणूक वाईट नाही, पावसाळ्यात शुक्रवारी दुपारी मीही लावते. फक्त केंद्रप्रमुखांना ती कौशल्य म्हणून सांगू नये.

नुसतं यंत्र हातात दिल्याने काय होतं, हे जगाने मोठा खर्च करून बघितलंय. पेरू देशाने शाळांमध्ये आठ लाखांहून जास्त छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर गणितात आणि भाषेत मुलं पुढे गेल्याचं काही दिसलं नाही. तेच लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या धनगरवाड्यावरही आले होते, भारतातला पहिला प्रयोग म्हणून. उलट दिल्लीत 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये छापून आला. तिथे साडेचार महिन्यांतच गणित आणि हिंदी दोन्हींत चांगला फरक दिसला. कारण काय? सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि तो कार्यक्रम प्रत्येकाला ते मूल जिथे आहे तिथून प्रश्न द्यायचा. सहावीचं पुस्तक उघडून बसायचा नाही. शिवाय अर्धा वेळ संगणक आणि अर्धा वेळ छोट्या गटात माणूस शिकवणार, अशी रचना होती. पडदा दोन्हीकडे होता. फरक पडला तो मुलाच्या पुढ्यात कोणतं काम ठेवलं यामुळे.

आता तुमच्या पाच टॅबकडे येऊ. माझा सल्ला ऐकून कदाचित हसाल: पहिला महिनाभर त्यातलं एकच ॲप वापरा, आवाज रेकॉर्ड करायचं. प्रत्येक टॅबमध्ये ते असतंच, इंटरनेट लागत नाही, जाहिराती येत नाहीत.

करायचं असं. मुलाने पुस्तकातला किंवा गोष्टीचा एक परिच्छेद निवडायचा, टॅब घेऊन व्हरांड्याच्या टोकाला जायचं आणि एक मिनिट मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचं. मग आपलंच आपण ऐकायचं. पहिल्या दिवशी कोणी धड ऐकत नाही, स्वतःचा आवाज ऐकून सगळी खिदळतात. होऊ द्या. दुसऱ्या दिवशी समोर पुस्तक ठेवून ऐकायला सांगा आणि पेन्सिलने जिथे अडखळलो तिथे टिंब, जिथे शब्द गाळला तिथे फुली. चूक मी काढायची नाही. मूल स्वतःची चूक स्वतः ऐकतं, आणि हे एरवी वर्गात कधीच घडत नाही, कारण वाचताना मुलाचं सगळं लक्ष पुढच्या शब्दावर असतं. पूर्णविरामाला न थांबता पुढे पळालेलं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये इतकं विचित्र ऐकू येतं की 'विरामचिन्हांचा वापर' हा धडा निम्मा तिथेच होतो.

माझ्याकडे सहावीत एक मुलगी होती, मेंढपाळ कुटुंबातली. वर्षातले पाच-सहा महिने आईबापांबरोबर वाड्याला, म्हणजे मेंढ्यांमागे रानोमाळ, बाकीचे दिवस आजीजवळ. वर्गात तोंड उघडायची नाही. टॅब घेऊन ती लिंबाच्या झाडामागे गेली आणि परत आली ती पंचवीस मिनिटांनी. एकाच परिच्छेदाची अकरा रेकॉर्डिंग केली होती. दहा पुसून टाकायला निघाली, तर मी अडवलं. आजही ती अकराच्या अकरा माझ्याकडे आहेत. पहिल्यात ती 'पर्जन्यमान' या शब्दावर तीनदा थांबते, अकराव्यात सरळ म्हणते आणि नंतर हळूच 'झालं' म्हणते. मी समोर उभी असते तर अकरा वेळा वाचून घ्यायचा धीर माझ्यात नसता. आणि माझ्यासमोर अकरा वेळा चुकायचा धीर तिच्यात नसता.

वाचायला चांगला मजकूर हवा असेल तर 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' बघा. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, फुकट उतरवून ठेवता येतात आणि सोप्यापासून अवघडपर्यंत पातळ्या लावलेल्या आहेत. सातवीतल्या मुलाला दुसऱ्या पातळीची गोष्ट द्यायला लाजू नका. फक्त पातळीचा आकडा त्याच्या मित्रांना दिसणार नाही एवढं बघा.

पुढची पायरी बोलून लिहिण्याची. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषा मराठी ठेवली की बोललेलं उमटतं. याला मात्र इंटरनेट चांगलं लागतं, मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट देते. त्याच मुलीने घरच्या धंद्याबद्दल बोलायचं ठरवलं. 'रात्री मेंढ्या वाघरात कोंडत्यात,' ती म्हणाली. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. टॅबने लिहिलं, 'रात्री मेंढ्या वाघात कोंडतात.' वर्ग हसून हसून लोळला. पण त्या हसण्यातून जो तास उभा राहिला तसा मला ठरवून घेता आला नसता. यंत्राला हा शब्द का माहीत नाही? मग कोणाला माहीत असतो? आपण 'कोंडत्यात' म्हटलं, त्याने 'कोंडतात' कसं केलं? दोन्हींत बरोबर कुठलं, आणि कुठे? शेवटी मुलांनी यंत्राला न येणाऱ्या शब्दांची यादीच काढायला घेतली, आजी-आजोबांना विचारून. वहीची दोन पानं भरली. बोलून उमटलेल्या मजकुरात विरामचिन्हं जवळपास नसतात, परिच्छेद नसतात. तो कच्चा माल मुलांनी दुरुस्त करायचा. ज्या मुलाला कोऱ्या कागदाची भीती वाटते, त्याला आपल्याच बोलण्यातलं दुरुस्त करायला भीती वाटत नाही.

आता गणित-विज्ञान. इथे एका पावसाळ्याची हकिगत जरा लांबवर सांगणार आहे.

आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे पावसाचा विषय पोरांना सांगावा लागत नाही. प्लॅस्टिकच्या सरळ बाटल्यांचे पर्जन्यमापक केले: वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाला खडे भरून खुणेपर्यंत पाणी घालायचं, ती खूण म्हणजे शून्य, बाहेरून पट्टी चिकटवायची. पाच गटांचे पाच मापक, शाळेच्या गच्चीवर. रोज परिपाठाआधी माप घ्यायचं, वहीत लिहायचं आणि टॅबवर स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे बेरीज करणाऱ्या तक्त्यात, भरायचं. एका टॅबवर एक गट, शनिवारी सगळ्यांचे आकडे एकत्र.

पहिल्याच आठवड्यात एका गटाची बेरीज शून्य आली. पाऊस तर झाला होता. त्यांनी टॅबला नावं ठेवली, मीही गोंधळले. मग लक्षात आलं, त्यांनी रकान्यात '१२ मिमी' असं लिहिलं होतं. नुसता आकडा असेल तर स्प्रेडशीट तो रकान्याच्या उजव्या कडेला लावते, शब्द असेल तर डाव्या कडेला, आणि शब्दांची बेरीज करत नाही. एकक वर मथळ्यात लिहायचं, रकान्यात फक्त आकडा. ही गोष्ट सांगितली असती तर विसरली असती. शून्य बेरीज बघून जी कळली, ती मुलं पुढच्या वर्षीच्या मुलांना स्वतः सांगत होती.

दुसरी गंमत त्याहून मोठी. तीन आठवड्यांनी स्तंभालेख काढला, पाच गटांचे पाच रंग. चार रंगांच्या काड्या साधारण बरोबरीच्या, आणि निळी काडी रोजच्या रोज दुप्पट उंच. निळा गट म्हणाला, आमच्या कोपऱ्यात पाऊस जास्त पडतो. बाकीचे म्हणाले, खोटं लिहिता. भांडण जुंपलं. मी म्हटलं, खोटं लिहिणारा रोज बरोबर दुप्पट कसं लिहील? तेव्हा सगळी गच्चीवर गेली. निळ्या गटाने बाटलीचा कापलेला तुकडा हरवला होता, म्हणून घरून रॉकेलचं जुनं नरसाळं आणून बसवलं होतं. बाटलीचा व्यास ९ सेंटिमीटर, नरसाळ्याचा १३. 'थोडंसंच मोठं आहे की,' असं सगळ्यांचं मत. वर्तुळाचं क्षेत्रफळ सातवीला नसतं, तेव्हा दोन्ही तोंडं आलेखकागदावर ठेवून गिरवली आणि चौकटी मोजल्या. एकाच्या ६३, दुसऱ्याच्या १३१. एक मुलगी जिन्यावरूनच ओरडली, 'बाई, दुप्पट!'

ती चूक वहीतल्या आकड्यांत तीन आठवडे पडून होती आणि कोणाला दिसली नव्हती. आलेखाने एका क्षणात दाखवली. तंत्रज्ञानाचा उपयोग म्हणतात तो मला त्या दिवशी दिसला. काम मुलांचं, माप मुलांचं, भांडण मुलांचं. टॅबने फक्त आकडे उभे करून दाखवले. नंतर त्यांनी निळ्या गटाचे जुने आकडे टाकून न देता दोनाने भागून घेतले, तेही त्यांनीच ठरवलं.

त्याच आकड्यांवरून पुढे हिशेब गेला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेची गच्ची ६० चौरस मीटर. १८ मिलिमीटर पडलेल्या दिवशी १,०८० लिटर पाणी पन्हाळीतून ओढ्याला गेलं. उन्हाळ्यात गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो. एकाने स्वतःहून मांडलं, टँकरभर पाणी आपल्या गच्चीवर पडायला १६७ मिलिमीटर पाऊस हवा, म्हणजे वर्षाला तीन टँकर. पालकसभेत हे त्या मुलांनी टीव्हीवर आलेख लावून सांगितलं. पाणी अडवण्याच्या 'वॉटर कप' स्पर्धेच्या काळात आमच्याकडच्या गावांनी श्रमदान केलंय, लोकांना पाण्याचा आकडा कळतो. त्यानंतर मोबाइलच्या वेडाची तक्रार एकाही पालकाने केली नाही. उलट एकजण म्हणाले, पोराला विहिरीची पातळी मोजायला लावा.

विजेचा धडा घ्याल तेव्हा कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, आहेत ती बघा. मराठीत आहेत, एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात. पण क्रम चुकवू नका. आधी खरा सेल, खरा बल्ब, एक वायर, आणि 'पेटवून दाखवा'. बहुतेक मुलं सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडाला एक वायर लावतात आणि वाट बघतात. ती धडपड पंधरा मिनिटं तरी होऊ दे. मग टॅबवर तेच मंडल (सर्किट) जोडायला द्या. तिथे तारेतून फिरणारे कण दिसतात, परत यायला वाट नसेल तर ते हलत नाहीत हे डोळ्यांनी दिसतं, आणि सेलची दोन टोकं थेट जोडली तर पडद्यावर आग लागते, ते मुलं दहा वेळा करून बघतात. खऱ्या सेलवर हे करू द्यायचं नाही. नंतर पुन्हा खरा सेल. पडद्यावर बल्ब कधी सैल बसत नाही, तारेला गंज नसतो, सेल उतरलेला नसतो. खऱ्या जोडणीत हे सगळं असतं, आणि 'दिवा का लागत नाही' हे एकेक शक्यता बाद करत शोधणं, हेच तर मोटार दुरुस्त करणाऱ्याचं आणि डॉक्टरचंही काम. नुसत्या टॅबवर शिकलेल्या मुलाला ते येत नाही.

भूमितीला 'जिओजेब्रा' हे ॲप उत्तम. त्रिकोणाचा एक कोपरा बोटाने ओढत राहायचं आणि कोनांची बेरीज हलत नाही ते बघायचं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, एकदा हातात घेतलं की कळतं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि 'दीक्षा' हे सरकारी ॲप तुम्ही वापरताच. व्हिडिओ लावलाच तर मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल, वहीत लिहा' म्हणा, आणि मगच पुढे जा. क्यूआर कोडवरून आठवलं, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले सरांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळालं तेव्हा आमच्या केंद्रात जिकडेतिकडे कोड चिकटवायची साथ आली. झाडाला कोड, भिंतीला कोड. पण तिथली मुलं घरी कन्नड बोलणारी होती आणि सरांनी मजकूर त्यांच्या घरच्या भाषेत नेला होता, हे फार थोड्यांनी ध्यानात घेतलं.

एआयबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. यातल्या बहुतेक चॅटबॉटच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांनी ते स्वतः वापरायचे नसतात, म्हणून मी मुलांच्या हातात देत नाही. माझ्या फोनवर, टीव्हीला जोडून, सगळ्यांसमोर. प्रश्न मुलांचे, टायपिंग माझं. सगळ्यात उपयोगी पडलेला खेळ असा: त्याला आपल्याच गावाबद्दल विचारायचं. ते मोठ्या आत्मविश्वासाने दहा-बारा वाक्यं लिहितं. मुलांनी प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची: खरं, खोटं, की शोधावं लागेल. आमच्या गावाच्या नावावर त्याने एक नदी वाहती केली होती. आमच्याकडे ओढा आहे, तोही पावसाळ्यात दोन महिने. पोरांना जो आनंद झाला! 'शोधावं लागेल' अशी खूण केलेल्या वाक्यांसाठी मुलं ग्रामपंचायतीत गेली, पुजाऱ्याला भेटली, एका वाक्याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. तेही तसंच फळ्यावर लिहून ठेवलं. निबंध मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. घेतलाच तर 'माझी आई' विषयावर एक घ्या आणि मुलांना विचारा, यातली आई कोणाची आहे? कोणाचीच नाही, हे त्यांना दोन मिनिटांत कळतं, कारण त्यातली आई पहाटे उठून ऑफिसला जाते आणि कधी चिडत नाही.

गटांचं थोडं. पाच टॅबना २७ मुलं म्हणजे पाच-सहाचा गट. नुसतं 'आळीपाळीने घ्या' म्हणालात तर दांडगट पोरगा टॅब धरून बसेल आणि मुली मागून माना उंचावतील. हे घरातूनच येतं. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात १४ ते १८ वयातल्या ग्रामीण मुलामुलींमध्ये जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि वापरताही येत होता. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के आणि मुली २० टक्के. म्हणून मी कामं नेमून देते: एकाच्या हातात टॅब, एकाच्या हातात साहित्य, एक वही लिहिणार, एक फक्त प्रश्न विचारणार, एक वेळ बघणार. दर बारा मिनिटांनी घंटा, घंटेला कामं बदलायची. पहिल्या फेरीला टॅब नेहमी मुलीकडे. मुलगे कुरकुरतात, दोन आठवड्यांत सवय होते. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती: यूट्यूबवर व्हिडिओ शोधणं बहुतेकांना जमलं, पण नकाशावरून एका जागेहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे काढणं एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त जणांना. घरी फोन हाताळून बोटं सराईत होतात, प्रश्न सोडवायची सवय लागत नाही. पालकांना 'शाळेत मोबाइल कशाला' याचं उत्तर द्यायचं तर हा दाखला कामाला येईल.

आणि केंद्रप्रमुखांना काय दाखवायचं? फोटो नका दाखवू. टॅब धरलेल्या मुलांचे फोटो सगळ्या शाळांकडे आहेत. एकाच मुलाचं जूनमधलं आणि नोव्हेंबरमधलं वाचनाचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवा. अध्ययन निष्पत्तीचा तक्ता भरायचा तो भराच, पण आमच्याकडे एक साहेब रेकॉर्डिंग ऐकून खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, अजून दोन लावा.

देखभालीची दोन-चार कामं. लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून टॅब शाळा सुटताना लावायचे नाहीत (रात्रभर बंद खोलीत चार्जिंग धोक्याचं), तर सकाळी आल्या आल्या परिपाठाच्या वेळात. उन्हाळी सुट्टीत कपाटात ठेवताना पूर्ण भरलेले किंवा पूर्ण उतरलेले ठेवू नका, निम्म्यावर बंद करून ठेवा. आमच्या एका टॅबची बॅटरी जूनपर्यंत फुगून काच उचलली गेली होती. मुलांचे आवाज आणि चेहरे शाळेच्या पेन ड्राइव्हवर राहू द्या, पालकांच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका. ज्या मुलाचं वाचन अडखळतं त्याचं रेकॉर्डिंग त्याच्या परवानगीशिवाय वर्गातही लावायचं नाही, मी हे एकदा केलं आणि ते मूल आठवडाभर शाळेत आलं नाही.

तर सोमवारी फक्त रेकॉर्डर. आणि त्याआधी शनिवारी एक काम करा: पाचही टॅबची तारीख आणि वेळ बघून घ्या. आमच्या एकाची तारीख तीन वर्षं मागे होती, त्यामुळे त्या गटाची सगळी रेकॉर्डिंग मुलं तिसरीत-चौथीत असतानाची दिसत होती आणि कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे लावता लावता माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.